गुरुवारचा पंखा

सोलर पॅनेलवर धूळ साचते तसे आमच्या सेंटरवर किस्से साचतात. धूळ निदान पुसली जाते. किस्से पुसायचे की ठेवायचे, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्हाला सांगून बघतो.

सोलापूरजवळ वळसंगच्या रस्त्याला अपारंपरिक ऊर्जेचं एक संशोधन केंद्र आहे. दर गुरुवारी लोक ते बघायला येतात. त्यांना फिरवायचं काम आम्हा दोन रिटायर्ड माणसांकडे होतं. मी कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, पीएचडी वगैरे. दुसरे मल्लिनाथअप्पा, अक्कलकोटकडच्या शाळेत विज्ञानाचे मास्तर होते. मराठी पाहुणे माझ्याकडे, कानडी त्यांच्याकडे, अशी वाटणी. मराठी पाहुणेही हळूच त्यांच्याच मागे जायचे.

मला ठाम बोलता येत नाही. प्रत्येक वाक्याला 'साधारणपणे', 'बहुधा' लागतंच. एकदा अप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "सर, उद्या सूर्य उगवणार एवढं तरी नक्की सांगा की. त्याच्यावरच सेंटर चाललंय."

*

तिथं विजेशिवाय गार राहणारी एक खोली आहे. जाड मातीच्या भिंती, वर झरोके. ऐन मे महिन्यात बचतगटाच्या बायका आल्या होत्या. भिंतीतून उष्णता कशी आत येते ते मी सविस्तर सांगितलं आणि म्हटलं, "चला पुढं." कुणी उठेना. दोघी तर झोपल्या होत्या. एक आजी भिंतीला टेकून म्हणाल्या, "तुमी बगून या. आमी हितंच हाय."

माझा चेहरा पडला. अप्पा कानाशी म्हणाले, "बरंय की सर. आता तुमच्या बोलण्यानं लोक झोपले तरी खोलीचं नाव सांगता येतं."

*

अप्पांचा खास प्रयोग शेवटी असायचा. एका छोट्या पॅनेलला पंखा जोडलेला होता. लोक जमले की अप्पा डोक्यावरची पांढरी टोपी काढून पॅनेलच्या एका कोपऱ्यावर ठेवायचे. बाकी सगळ्या पॅनेलवर लख्ख ऊन, तरी पंखा मंद होत होत थांबायचा. टोपी उचलली की पुन्हा सुरू.

"घरात एक जण रुसून बसला की सगळ्यांचं जेवण थांबतं, तसं आहे हे," अप्पा सांगायचे.

मी लगेच म्हणायचो, "प्रत्येक पॅनेलचं असं होत नाही. बायपास डायोड असेल तर..."

"सर, आधी त्यांना बघू द्या की."

*

मग अप्पा दवाखान्यात गेले, आणि तिथंच राहिले. मी दर शुक्रवारी जायचो. त्यांचा प्रश्न ठरलेला, "काल पंखा थांबला का?"

मी टोपी घालत नाही. एका गुरुवारी माझा रुमाल ठेवून पाहिला. त्यातून ऊन आरपार गेलं, पंखा फिरतच राहिला. हे सांगितल्यावर अप्पा खोकला येईपर्यंत हसले. "पीएचडीचा रुमाल लई पातळ असतोय, सर. माझी टोपी घेऊन जा."

मी म्हटलं, "तुम्हीच घेऊन या की."

ते आले नाहीत.

त्यानंतर मी लोकांना पंख्याकडे न्यायचंच सोडलं. सेंटरच्या मॅडम म्हणाल्या, "सर, लोक पंख्याचं विचारतात. तुम्ही करणार, की दुसऱ्या कुणाला सांगू?" मी म्हटलं, बघतो. बहुधा.

*

गेल्या गुरुवारी जुळे सोलापूरच्या भजनी मंडळाच्या बायका आल्या. त्यांच्यात अप्पांच्या घरच्या, शांतावहिनी. अप्पा त्यांना कायम 'पुढच्या गुरुवारी नेतो' म्हणायचे. ते राहूनच गेलं होतं.

मी खोली दाखवली आणि सगळ्यांना गेटकडे वळवलं. वहिनी जागच्या हलल्या नाहीत.

"त्ये पंख्याचं कुटं हाय?"

मी घेऊन गेलो. पंखा जोरात फिरत होता. मी घसा साफ करून 'साधारणपणे' म्हटलं, तोवर वहिनींनी पिशवीतून टोपी काढली. धुतलेली, इस्त्री केलेली. कोपरा मला विचारला नाही. बरोबर तिथंच ठेवली.

पंखा थांबला. वहिनी पात्यांकडे बघत राहिल्या. ऊन मी म्हणत होतं. शेवटी मीच म्हटलं, "वहिनी, टोपी उचलली की पंखा परत सुरू होतो."

"ठाऊक हाय. दर गुरुवारी घरी येऊन सांगायचे."

तरी त्यांनी हात पुढं केला नाही. पदर सारखा करून त्या मागं सरकल्या, बायकांमध्ये जाऊन उभ्या राहिल्या, आणि म्हणाल्या,

"आता तुमी उचला की, सर."