गोठ्यातल्या पातेल्यातला खिमा

ओल्या सरकी पेंडीचा वास आला की आजही मी नाक दाबून पळतो. निलंग्याला आमच्या घरी मटणाचं पातेलं स्वयंपाकघरात चालत नसे. ते गोठ्यात राही, अन् मी त्यातच म्हशीची पेंड भिजवायचो. नवे दाजी पहिल्यांदा जेवायला आले त्या दिवशी बापानं विचारलं, "पातेलं घासलंस का रे?" मी न घासताच म्हटलं, "हाव!" बापानं गोठ्यातल्याच चुलीवर खिमा दमावर ठेवला अन् असा आंबूस, घाणेरडा वास सुटला की म्हैस दावं तोडून चुलीकडं निघाली. बापाचं तोंड उतरलं. दाजींनी डोळे मिटून घास गिळला. "लई झकास, मामा!" म्हणत पाच वाट्या हाणल्या. बाप खुलला. हात धुताना दाजींनी दातातलं सरकीचं टरफल काढून माझ्या तळहातावर ठेवलं. "मेहुणे, म्हैस दूध किती देती?" तेव्हापासून खिमा दिसला की मला ओकारी येते, अन् दाजी दरवेळी पहिली वाटी मलाच वाढतात.