क्लचबाई आणि त्यांचा ढब्बू

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये त्यांना तोंडावर सगळे मॅडम म्हणत आणि पाठीमागे क्लचबाई. शिकायला आलेल्या माणसाने गाडी सुरू केली रे केली, की त्यांच्या तोंडून पहिला शब्द निघायचा, "क्लच!" दुसरा शब्दही बहुतेक तोच. उंची बेताची, आवाज दणदणीत, आणि शेजारच्या सीटवर बसून ब्रेक दाबायची सवय अशी, की बसने कुठे निघाल्या तरी त्यांचा उजवा पाय आपोआप जमीन दाबत राहायचा.

घरी त्या आणि मुलगा. मुलाला दुसऱ्या शहरात नोकरी लागली, तिथल्या घरमालकाला कुत्रं चालेना, आणि मुलाने लाडाने वाढवलेला ढब्बू आईच्या गळ्यात पडला. ढब्बूची जात कोणती, हे विचारण्यात अर्थ नव्हता. तोंड एकाचं, पाय दुसऱ्याचे आणि शेपटी कुणाची तरी उसनी आणल्यासारखी.

"आई, त्याला फार काही लागत नाही गं," मुलगा फोनवर म्हणाला. "फक्त माणूस लागतं."

"आता माणूस कुठून आणू? खायला घालते, पाणी ठेवते, सकाळ-संध्याकाळ फिरवून आणते. तुझे तरी एवढे लाड कुठे केले होते?"

ढब्बूला मात्र हा हिशेब मान्य नव्हता. बाई सकाळी दार ओढून घेत आणि संध्याकाळी उघडत, तेव्हा घरात रोज नवा पराक्रम झालेला असे. आधी चपला गेल्या, मग उशी, मग टीव्हीचा रिमोट. दाबलं की चीं करणारं एक रबरी बदक बाईंनी आणलं. संध्याकाळपर्यंत बदकाचा आवाज कायमचा बसला. मग त्या जाताना रेडिओ लावून जायला लागल्या.

खालच्या मजल्यावर निवृत्त तिकीट तपासनीस राहायचे. नोकरी सुटली तरी नजर सुटली नव्हती. जिन्यात गाठ पडली की समोरचा माणूस उगाच खिसे चाचपू लागे. त्यांनी बाईंना अडवलं.

"ताई, तुमचं कुत्रं दिवसभर रडतं."

"भुंकतं म्हणा, काका."

"भुंकणं मला कळतं हो. हे रडतं. आणि कालपासून रेडिओवर कुणी गायला लागलं, की त्याच्या सुरात सूर लावून रडतं."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करतात काय? "बघते," म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मग एक दिवस दुपारची शिकवणी रद्द झाली आणि बाई अवेळी घरी परतल्या. जिना चढताना वरून बोलण्याचा आवाज आला. त्या दबकत वर गेल्या आणि पाहतच राहिल्या. त्यांच्या बंद दारासमोर स्टूल टाकून तपासनीस काका बसले होते आणि दाराला पेपर वाचून दाखवत होते.

"आणि विरोधकांनी सभात्याग केला. बघ ढब्ब्या, ज्यांना आत बसायला मिळतं ते बाहेर येतात, आणि तुला बाहेर यायचं तर..."

दाराखालच्या फटीत एक काळं, ओलं नाक टेकलेलं होतं. काका पान उलटायला थांबले, की आतून बारीक कुंई यायची. पुन्हा वाचन सुरू झालं, की नाक गप्प.

बाई खाकरल्या. काका ताडकन उठले. "मी आपला तुमचं विजेचं मीटर बघायला आलो होतो."

"स्टूल घेऊन?"

काकांनी पेपराची घडी घातली. "ताई, तुमच्या गाडीचा आवाज लांब जाईपर्यंत तो कान टवकारून बसतो. मग सुरू होतो. कुणी बोलत राहिलं की थांबतो. आपण काय बोलतो, त्याचं त्याला काही नाही. आणि खरं सांगू? इतकं मन लावून माझं कुणी ऐकलेलं नाही."

बाईंनी दार उघडलं. ढब्बू अंगावर असा झेपावला, की जणू कित्येक वर्षांनी भेट होत होती. त्या नुसत्याच म्हणाल्या, "हो रे, हो."

बाई स्वाभिमानी. दुसऱ्याचे उपकार नकोत म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी ढब्बूला शिकवणीच्या गाडीतच मागे बसवलं. पहिली शिकवणी बँकेतल्या कॅशियर बाईंची होती. स्टिअरिंग असं आवळून धरायच्या, की जणू कुणी ते हिसकावून नेणार आहे.

"मॅडम," त्या न वळता म्हणाल्या, "माझ्या मानेशी कुणीतरी श्वास घेतंय."

"ढब्बू आहे. तुम्ही समोर बघा. क्लच!"

गाडीने आचका दिला, ढब्बू सीटवरून घसरला आणि त्याने असा दीर्घ सुस्कारा सोडला, की कॅशियर बाईंना हसू आवरेना. हसता हसता त्यांचे हात सैल पडले आणि गाडी पहिल्यांदाच लोण्यासारखी निघाली.

पण दुसरा विद्यार्थी तासभर शिंकला. संध्याकाळी स्कूलच्या मालकांनी सीटवरचे केस चिमटीत धरून दाखवले. "मॅडम, आपण गाडी शिकवतो. कुत्री फिरवत नाही."

मुकाट्याने बाई खालच्या मजल्यावर गेल्या आणि घराची किल्ली काकांच्या हातावर ठेवली. काकांनी ती तिकिटासारखी उलटून-पालटून पाहिली आणि खिशात टाकली. "बागेतही नेईन म्हणतो," ते म्हणाले. "मलाही पाय मोकळे करायला कुणीतरी हवंच आहे."

रडणं थांबलं, उशा वाचल्या. तरी संध्याकाळी बाई फोनवर उद्याच्या वेळा ठरवत बसल्या, की ढब्बू समोर येऊन टक लावून बघे.

"आता काय? काका होते, बाग झाली, पोट भरलं. आता आणखी काय हवं?"

ढब्बूने पंजा उचलून सरळ फोनवर ठेवला.

बाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. त्या दिवशी तो गाडीत त्यांच्यासोबत होता खरा, पण त्यांची नजर रस्त्यावर नाहीतर दुसऱ्यांच्या पायांवर. घरी आल्यावर फोनवर. अख्ख्या दिवसात त्यांनी ढब्बूकडे धड पाहिलंच नव्हतं.

त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी जमिनीवर बसल्या. ढब्बूने मांडीवर डोकं टाकलं. हातांचं काय करायचं ते बाईंना आधी सुचेना. मग त्याच्या कानामागे खाजवू लागल्या. त्याचा मागचा पाय आपोआप हवेत चालायला लागला, आणि त्या एकट्याच खळखळून हसल्या.

रोजचा तोच नेम झाला. एकदा मध्येच मुलाचा फोन आला.

"आई, काय करतेयस?"

"काही नाही."

"काही नाही? तू?" मुलगा घाबरला. "बरी आहेस ना?"

"मला काय धाड भरलीय? नुसती बसलेय रे ढब्बूजवळ. तूही येऊन बस कधीतरी. आणि ठेव आता, तो माझ्याकडे बघतोय."