चिंचेनं घासलेलं रिव्हॉल्व्हर

पायस डाबरे हा काही जन्मजात गोंधळलेला माणूस नव्हे. उलट वसईच्या नंदाखालमध्ये वाढलेल्या या गृहस्थाचा हिशेब भलताच सरळ होता. पाप ते पाप, पुण्य ते पुण्य, आणि मधलं जे काही उरेल ते फादरनी निस्तरावं. बहारीनमधल्या एका हॉटेलात त्याने स्टोअरकीपर म्हणून उभा जन्म काढला, तोही याच जोरावर. चादरींच्या खणात कधी टॉवेल गेला नाही आणि काट्यांच्या ट्रेमध्ये कधी चमचा पडला नाही. तिथल्या नईम वस्तीतल्या त्याच्या दोन खोल्यांत मिठाची बरणी इकडची तिकडे झाली, तरी त्याची बायको आयरीन हिला ऐकून घ्यावं लागे. ती हॉस्पिटलात नर्स. पेशंटांची कुरकुर ऐकून तिचे कान तयार झालेले, म्हणून संसार टिकला.

अशा माणसाच्या डोक्यात घोळ घालायला देवाने बू याकूबना धाडलं.

बू याकूब, म्हणजे याकूबचे वडील. जवळच्या मुहर्रक गावात सगळे त्यांना याच नावाने ओळखत. तेलकंपनीतून निवृत्त झालेले, उंच, देखणे, आणि एका बाबतीत पुरते वेडे. तरुणपणी शिकायला अमेरिकेत गेले आणि येताना पदवीबरोबर जुन्या बंदुकांचं खूळ घेऊन आले. त्या देशाच्या पश्चिमेला नवी गावं वसत होती, गावात छातीवर पत्र्याचा तारा लावलेला शेरीफ असे आणि डोंगरात दरोडेखोर, त्या काळातली रिव्हॉल्व्हर आणि रायफली. रीतसर परवाने काढून, आतून कायमच्या निकामी करून इथवर आणलेल्या. गोळी सोडाच, त्यांतून फुसका बारही निघाला नसता. तरी काचेच्या कपाटासमोर उभे राहिले की म्हातारबा असे ताठ व्हायचे, की आता माझा घोडा आणा म्हणतील.

पायसच्या हॉटेलात एकदा हौशी संग्राहकांचं प्रदर्शन भरलं. टेबलापाशी राखणीला पायसला उभं केलं होतं. येणारा जाणारा प्रत्येक वस्तूची किंमत विचारत होता. पायसला राहवलं नाही, त्याने विचारलं, "साब, इसमें पुलिस का कौनसा और चोर का कौनसा?"

बू याकूब खूश झाले. त्यांच्या वाडवडिलांचा व्यापार मुंबईशी, त्यामुळे हिंदी बरी होती. त्यांनी पायसचा हात धरला तो पुढे कधी सोडलाच नाही. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी, म्हणजे शुक्रवारी, चर्चमधला मिस्सा आटोपला की पायस मुहर्रकची बस पकडू लागला. म्हातारे त्याला 'शेरीफ' म्हणत. अरबीत 'प' नाही, पायसचा त्यांच्या तोंडी 'बायस' होई, म्हणूनही असेल.

त्यांच्या कपाटात उजवीकडच्या फळ्यांवर शेरिफांची हत्यारं होती, डावीकडे दरोडेखोरांची. ही मांडणी पायसला फार आवडली. पण मधल्या फळीवर एकच रिव्हॉल्व्हर एकटं ठेवलेलं. लोखंडी नळी, लाकडी मूठ, मुठीच्या पाठीवर आणि चापाभोवती पितळ. ते पितळ जुन्या गुळासारखं काळं पडलेलं, आणि अंगठा टेकतो तिथे त्याहून गडद डाग. त्याचा मालक म्हणे आधी शेरीफ होता. मग त्यानेच टपालगाडी लुटली. मग दुसऱ्या गावाने त्यालाच पुन्हा शेरीफ केलं.

"तो फिर ये किधर का, बाबा?"

"दोनों का," बू याकूब म्हणाले आणि पोट धरून हसले.

पायस घरी आला तो डोकं खाजवत. "असं कसं गं, आयरीन? मेल्यावर त्याला वर नेला की खाली, काहीतरी ठरलं असेल ना?"

"त्याचं ठरेल हो. तुम्ही आधी हात धुवा, भात निवतोय."

मग बू याकूबना विसर पडू लागला. आधी चष्मा, मग घरामागची गल्ली, मग माणसं. ज्याच्या नावाने सारं मुहर्रक त्यांना हाक मारी तो थोरला याकूब एके दिवशी समोर उभा राहिला, आणि त्यांनी बिल्किसला विचारलं, हा कोण? बिल्किस त्यांची मुलगी. शाळेतली नोकरी सोडून बापापाशी राहिली होती. पुढे तिलाही ते कुणी परकी बाई समजून हाक मारू लागले.

पण शुक्रवारी पायस यायचा, मधल्या फळीवरचं रिव्हॉल्व्हर काढून त्यांच्या हातात द्यायचा. अंगठा चाचपत त्या डागावर जाऊन बसे, आणि म्हाताऱ्याच्या डोळ्यांत कुणीतरी दिवा लावल्यासारखं होई. "यल्ला, शेरीफ! आज देर कर दिया!" मग तासभर गप्पा. टपालगाडी, डोंगर, धूळ, सगळं जागच्या जागी. बिल्किस दारात उभी राहून ऐकायची आणि डोळे पुसायची. बापाला ओळखू येणारा एवढा एकच माणूस त्या घरात येत होता, आणि तोही त्या रिव्हॉल्व्हरच्या वाटेने. आपल्याला एवढा मान का मिळावा हे पायसला कळत नसे, पण शुक्रवार चुकवायची त्याची छाती नव्हती.

अशात ईद आली. पाहुणे येणार होते. बिल्किसने पायसला फोन करून सांगितलं, आदल्या दिवशी येऊन कपाटाची काच पुसशील का, ईदला सगळं कसं चमकलं पाहिजे.

हे तिने कुणाला सांगितलं? नंदाखालच्या माणसाला. चर्चचा सण आला की पायसचं अख्खं लहानपण वेदीवरचे पितळी मेणबत्ती-स्टँड चिंचेने घासण्यात गेलेलं. सणाला पितळ काळं राहिलं तर म्हाताऱ्या बाया वर्षभर नावं ठेवत. आता बू याकूबनी पूर्वी एकदा त्याला बजावलं होतं खरं. पायसने त्या पितळावरून फडकं फिरवायला घेतलं तेव्हा ते म्हणाले होते, "रहने दो, शेरीफ." पण वसईत पाहुणी ताटं विसळायला उठली की यजमानीण 'राहू दे, राहू दे' म्हणतेच. वडीलधाऱ्यांचं 'राहू दे' ऐकून जो खरोखरच राहू देतो, त्याला आमच्याकडे निर्लज्ज म्हणतात.

पायसने घरून वाटीभर चिंचेचा कोळ नेला. लाकडाला थेंब लागू दिला नाही, लोखंडाला लागू दिला नाही. पितळ तेवढं मन लावून घासलं, धुतलं, कोरडं केलं. सोन्यासारखं निघालं. वडील असते तर पाठ थोपटली असती, असं त्याच्या मनात आलं, आणि खरं सांगायचं तर तो स्वतःवर फार खूश होता.

ईदच्या दुपारी पाहुण्यांदेखत त्याने ते बू याकूबच्या हातात दिलं.

अंगठा निघाला, जागेवर पोचला, आणि तिथे त्याला काही सापडेना. तो पुढे गेला, मागे आला. म्हाताऱ्यांनी रिव्हॉल्व्हर डोळ्यांपाशी नेलं. "ये मेरा नहीं है," ते म्हणाले. "मेरा किसने लिया?" आणि पायसकडे पाहून, "तू कौन?"

"बाबा, मैं शेरीफ."

"मफी शेरीफ, कोई शेरीफ नहीं," ते ओरडले. "चोर! चोर है ये!"

पाहुण्यांनी खाली माना घातल्या. बिल्किसने पायसला अंगणात नेलं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. तिने हळू आवाजात समजावलं, की या जुन्या हत्यारांचा काळेपणा कुणी काढत नाही, तोच त्यांचा खरेपणा असतो. आणि त्या डागावर बाबांचा अंगठा वर्षानुवर्षं फिरला होता. मी फक्त बाहेरची काच पूस म्हणाले होते, असं म्हणून तीच रडू लागली.

पायस बसमध्ये बसला तो नईम कधी आलं हे त्याला कळलं नाही. मळ म्हणजे मोल? घासणं म्हणजे चोरी? पुढच्या शुक्रवारी त्याने पापाच्या कबुलीसाठी फादरपुढे गुडघे टेकले. फादर म्हणाले, तुझा हेतू चांगला होता, यात पाप नाही. हे ऐकून तो आणखीच घोटाळ्यात पडला. पाप असतं तर प्रार्थना सांगितल्या असत्या, म्हणून टाकल्या असत्या, खलास. पाप नाही, मग हे जे छातीत रुतून बसलंय ते कुणापुढे काढायचं?

"मी शेरीफ की चोर गं, आयरीन?" त्याने विचारलं.

आयरीन भाजी निवडत होती. "मला काय विचारता? आमच्या वॉर्डात सगळे दोन्ही असतात," ती म्हणाली. "त्यांच्याकडे जायचं मात्र सोडू नका. आता तर मुळीच सोडू नका."

तो गेला. बिल्किसने त्याला कपाटाची किल्ली का दिली, हेही त्याला कळलं नाही. त्याने ते झळझळीत रिव्हॉल्व्हर घेतलं, म्हाताऱ्यांच्या शेजारी बसला आणि उघड्या हातात धरून ठेवलं. घामाने पितळ काळवंडतं, हे वसईतलं पोरही सांगेल. शिवाय मुहर्रकची खारी हवा होतीच. त्याने आपला अंगठा बरोबर त्या जागी टेकवला आणि चोळत राहिला. दर शुक्रवारी तेच. आयुष्यभर डाग काढण्यात गेलेला माणूस डाग पाडायला बसला होता, आणि तो पडेल की नाही याची त्याला खात्री नव्हती. पडला तरी तो पायसचा पडणार, बू याकूबचा नव्हे, हा विचार आला की तो अंगठा उचलायचा आणि थोड्या वेळाने पुन्हा टेकवायचा.

उन्हाळा गेला. पितळाची झळाळी उतरून ते जरा मंद झालं. एका शुक्रवारी म्हातारे बराच वेळ त्याच्या हाताकडे बघत होते.

"नया आया है?"

"हां, बाबा."

"अच्छा काम करता है." मग त्यांनी दाराकडे चोरून पाहिलं आणि त्याच्या कानाशी वाकले. "मेरा एक दोस्त है. हिंदी आदमी. शेरीफ. वो जुम्मे को आता है. असली वाला चोरी हो गया, उसको मत बोलना. बहुत संभालता था. उसका दिल दुखेगा."

मीच तो, असं सांगावं असं पायसला वाटलं. सांगितलं तर यांच्या लेखी मी चोर, नाही सांगितलं तर यांचा शेरीफ कधीच यायचा नाही. आपली फळी उजवीकडची की डावीकडची?

"नहीं बोलूंगा, बाबा," तो म्हणाला.

"आज देर कर दिया उसने," म्हातारे म्हणाले आणि दाराकडे डोळे लावून बसले.

"आएगा, बाबा. इंशाल्ला," पायस म्हणाला, आणि अंगठा जागेवर ठेवून तोही दाराकडे बघत राहिला.