झेंडूत बुडालेलं वाइंडिंग मशीन

मंडळी, आज निपाणीजवळच्या एका हायस्कूलने मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. दसऱ्याची सुट्टी लागायच्या आधी मुलांना कामधंदा शिकवायच्या तिथल्या व्यवसाय क्लबच्या अवजारांची खंडेनवमी उरकायची होती.

कुलूप काढून खोली उघडली. पंपाच्या मोटारी दुरुस्त करायला शिकवण्यासाठी आणलेलं, तारेची वेटोळी गुंडाळायचं वाइंडिंग मशीन झेंडूत बुडालं होतं. गेल्या वर्षीचं कुंकूही त्यावर तसंच होतं.

नारळ फुटल्यावर दहावीतली एक मुलगी पुढं झाली. "सर, एकदा फिरवून बघू?"

हेडमास्तर म्हणाले, "पूजा झालीया गं. आज हत्याराला हात लावायचा न्हाय."

"मग कवा लावायचा? आठवीपास्नं नुसता नारळच फोडतोय की आमी."

सगळे हसले. मी जाब विचारला, तर हेडमास्तर म्हणाले, "आक्का, वरनं शिकवणारा मास्तरच दिला न्हाय. आणि पोरांनी मोडलं म्हंजे?"

मी शिकले त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर शिवणाच्या तासाला टाका चुकला की सगळं उसवायला लावायच्या. रडवायच्या, पण सुई हातात द्यायच्या!

निघताना ती मुलगी हळूच म्हणाली, "दहावी झाली की आईसंगं विड्या वळायला बसायचं हाय. ह्ये काम येत असतं तर घरात सांगितलं असतं, मी दुसरं करतो म्हणून."

मला गप्प बसवताना अख्खं ऑफिस थकलंय, म्हणून हे इथं लिहितेय.

तुमच्यापैकी कुणी मोटार वाइंडिंग शिकवायला याल का? तिच्याकडे परीक्षेपर्यंतचेच महिने आहेत. खोलीचं कुलूप काढायला लावणं माझ्याकडे लागलं.