खबरदारीचा अर्थ

युरेनियमवर क्ष-किरण पाडायचे, ते कोणत्या ऊर्जेला शोषले जातात ते नोंदवायचे आणि त्यावरून धातूतले बाहेरचे इलेक्ट्रॉन आपापल्या अणूला धरून आहेत की साऱ्या धातूत फिरतात हे ठरवायचे, एवढेच माझे संशोधन. नमुना नखाएवढा, दुहेरी पापुद्र्यात बंद. तरीही प्रयोगशाळेतून निघताना आमचे हात-पाय यंत्रावर तपासले जातात.

थोरल्या बहिणीच्या सासरी, बार्शीटाकळीला, मी हे कौतुकाने सांगितले तेव्हा तिला तिसरा महिना होता. पुढच्याच आठवड्यात गर्भ गेला. असे पुष्कळदा होते, निश्चित कारण सापडत नाही, असे अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले. ज्या घराला कारण हवे असते, तिथे हे उत्तर टिकत नाही.

मी भेटायला गेले. तिच्या सासूबाईंनी चहा दिला आणि ते किरण कपड्यांना लागून येतात का, असे शांतपणे विचारले. मी म्हटले, नाही. दिवा विझला की उजेड उरत नाही, तसेच ते. धातूचा कणही बाहेर येत नाही, हात तपासल्याशिवाय सोडतच नाहीत.

"येतच नाई, तं मंग हात कावून तपासतात?"

खबरदारी म्हणजे पुरावा नव्हे, हे मी दोन प्रकारे समजावले. बहीण भिंतीकडे तोंड करून निजली होती.

यंदा तिला पुन्हा दिवस गेले. सातव्या महिन्यातल्या डोहाळजेवणासाठी मी रजा काढून अमरावतीला आई-बाबांकडे आले. त्याआधी माझ्या किरणमापक बिल्ल्याचा निर्दोष अहवाल तिला पाठवला होता. आदल्या दिवशी तिचा फोन आला. अहवाल तिने सासूबाईंना वाचून दाखवला होता आणि त्यांनी, येऊ दे तिला, असे म्हटलेही होते.

"मग अडचण कोणाची?" मी विचारले.

"माही. तुह्यात काई नाई, मले समजते. पन काई इपरीत झालं, तं मी तुलेच धरीन. तसं मले नाई करायचं. तू नको येऊ."

या म्हणण्यात मला खोडण्याजोगे काही सापडले नाही.

सकाळी बाबांनी मळ्यातली शेवंती गाडीत ठेवली. मी बहिणीसाठी घेतलेली साडी हातात धरून आई दारात थांबली.

"हे तुह्याकून म्हनून सांगू?"

नको, तुझ्याकडूनच दे, असे मी आईला म्हटले.