टोकाचा तुकडा

कॅलिफोर्नियात लेकीकडे आल्यापासून दर रविवारी कुंपणापलीकडून धूर येतो. शेजारच्या मार्थाबाई अंगणात निखाऱ्यांवर गोमांसाचा मोठा तिकोनी तुकडा भाजतात. उतरवल्यावर तो जरा वेळ झाकून ठेवतात, मग पातळ कापतात आणि टोकाचा करपलेला भाग बशीत घालून रिकाम्या खुर्चीपुढे ठेवतात. त्यांच्या नवऱ्याला, डेव्हिडला, तेवढाच आवडायचा. तो जाऊन वर्ष झालं.

आज त्या बशीजवळ कावळा उतरला. आमच्याकडे माणसं याच क्षणासाठी ताटकळत उभी राहतात. कुंपणाअलीकडे, तिथेच उभ्या उभ्या माझे हात नकळत जोडले गेले.

मार्थाबाईंनी फडकं झटकलं. "तुझं नाही ते, डेव्हिडचं आहे," त्या कावळ्याला म्हणाल्या.

कावळा कुंपणावर माझ्याशेजारी येऊन बसला. तो काही उडेना, आणि मला त्याच्याकडे बघवेना.