पट्टीखालचा हिरवा रंग

डॉक्टरांनी पट्टी सोडली, खालची हिरवी ओल पाहिली आणि म्हणाले, "पू हिरवा झालाय. उद्या सकाळी बोट काढावं लागेल."

आमचे हे राजूरचे शिंपी. मशीनची सुई उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटात आरपार गेली आणि आठवड्यात बोट सेप्टिक झालं, म्हणजे जखमेत जंतू शिरून पू धरला. सूज मनगटापर्यंत चढली तेव्हा जालन्याच्या दवाखान्यात आलो. निजामाचं राज्य संपवणारी पोलीस ॲक्शन होऊन चार-पाच वर्षं झाली होती. पेनिसिलिन, म्हणजे जंतू मारणारं औषध, आमच्याकडे तेव्हा नवीनच होतं. दर तीन तासांनी सुई.

मी मुळातच उतावळी. दोन दिवस झाले तरी सूज हलेना, म्हणून नणंदेने गावाकडून आणलेला दगडीपाला मी चावून गुपचूप पट्टीखाली पिळू लागले. विळा लागो की खुरपं, आमच्याकडे हाच पाला. आणि आता डॉक्टर सांगत होते, की हिरवा पू करणाऱ्या जंतूंवर पेनिसिलिन चालत नाही, विष हातात चढण्याआधी बोट गेलेलं बरं.

यांनी ते बोट आणि अंगठा कात्री धरल्यासारखे मिटून पाहिले, दुखलं तसे थांबले.

मी व्हरांड्यात येरझाऱ्या घालू लागले. नणंद म्हणाली, "सांगू नका वैनी, हाकलून देतील आपल्याला." भीती मलाही तीच होती. फाटकापर्यंत जायचे, परत यायचे, पाय काही थांबेनात. शेवटी माझा मलाच राग आला आणि तशीच आत शिरले.

"डॉक्टरसाहेब, तो पू न्हाई. मी पाला पिळून राह्यले दोन दिवसापासून."

त्यांनी एवढंच विचारलं, पाला वाटला की चावला? चावला म्हटल्यावर कपाळाला हात लावला. मग जखम सलाइनने, म्हणजे औषधी मिठाच्या पाण्याने, स्वच्छ धुतली. हिरवा रंग निघून गेला. खाली लाल मांस होतं. बोट काढणं थांबलं, पेनिसिलिनच्या सुया चालू राहिल्या.

त्यांनी माझ्याकडून उरलेला पाला मागून घेतला आणि कल्चर केलं, म्हणजे जखमेतले जंतू काचेच्या ताटलीत वाढवले आणि त्यात एकीकडे पेनिसिलिन, एकीकडे पाल्याचा रस ठेवला. दोन दिवसांनी बोलावून दाखवलं. ताटलीवर जंतूंची साय धरली होती. पेनिसिलिनभोवती तान्ह्या मुलीच्या बांगडीएवढी जागा स्वच्छ होती, पाल्याच्या रसाभोवती जोडव्याएवढी.

"पाल्यात दम आहे, बाई, पण थोडा. तुमच्या तोंडातले जंतू त्याला भारी पडले असते."

बोट वाचलं. नख तेवढं वाकडं आलं. तुमच्या घरी कोणी असं आजारी पडलं आणि तुम्ही काही पाला, लेप लावला असेल, तर डॉक्टरांना पहिल्याच दिवशी सांगा. आमचे डॉक्टर ओरडले नाहीत, हे त्यांचे उपकार. ओरडले असते तर मी पुढच्या खेपेला पुन्हा लपवलं असतं.

परतीच्या बसमध्ये यांनी एकच विचारलं, "आधी का न्हाई बोललीस?" आता हे कात्री उचलतात तेव्हा मी हातातलं काम टाकून त्या बोटाकडे बघते, आणि कापड कापून होईपर्यंत मला काही सुचत नाही.